मोराची मान

रात्री साडेअकराला शटर अर्धं खाली ओढून
मी नव्या आवृत्तीला हो म्हटलं.
दोन हजार एकशे अठ्ठेचाळीस पॅकेजं, पडदा म्हणाला,
अंदाजे तीन तास.
तेही मोबाइलच्या नेटवर, कारण कारखान्याचं बिल
मार्चपासून तुंबलेलं.

इरप्पा मालक जाता जाता म्हणाले होते,
"चालतंय की तसंच. कशाला हात लावायलीस?"
चालतंय हे खरंच.
पण या जुन्याला आता कुणी वाली नाही,
भोक पडलं तर ठिगळ लावणारं कुणी नाही,
असं चादरीच्या भाषेत सांगितल्यावर
मान हलवली त्यांनी, हो आणि नाहीच्या मधे कुठंतरी.

अक्कलकोट रोडवर शेजारच्या शेडमधले माग चालूच.
पडद्यावर ओळी पळत होत्या:
उघडतोय, मांडतोय, जुनं काढतोय.
मी डबा सोडला, कडक भाकरी मोडली
आणि चुरा नेमका एनच्या कळीखाली गेला.

एक चाळीसला सगळं थांबलं.
ही फाइल तुम्ही किंवा तुमच्यापैकी कुणीतरी बदललेली आहे.
आमची नवी घ्यायची? वाय की एन?

कुणीतरी.
मी तर ती कधी उघडलीसुद्धा नव्हती.
फरक दाखव म्हटलं.
अधिक-वजाच्या खुणांमधे सापडले
अंबादास चिलवेरी:

# पंचिंग मशीन इथून बोलते. हात लावू नये.
# लावलाच तर मोराची मान बघून घ्यावी. अं. चि., २०१४

चिलवेरी तात्या. तीस वर्षं हातानं पुठ्ठे ठोकले,
मग मालकांनी हा डबा आणला तेव्हा चष्मा पुसून म्हणाले,
भोक आहे किंवा नाही, एवढंच ना?
हे तर आम्ही आधीपासून करतोय.
आता भिवंडीला मुलाकडं असतात,
एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय.
रात्री पावणेदोनला फोन कसा करायचा.

एन दाबला.
कुर्रकन आवाज आला, उमटलं काहीच नाही.
पुन्हा दाबला, जोरात,
भाकरीसकट.

तीन वाजता घरून फोन: नळाला पाणी आलंय,
पाचव्या दिवशीचं, आणि तू तिथं काय करायलीस?
मी म्हटलं, भर तू, माझंही भरत आलंय,
एकोणनव्वद टक्के.

मग मशीन बंद होऊन चालू झालं आणि पडदा काळा.
काळाच.
यूपीएस दर दहा सेकंदाला हटकत होता.
त्या चार मिनिटांत मी नोकरी सोडली,
पुण्याला गेले, परत आले,
मालकांना काय सांगायचं ते तीन प्रकारे पाठ केलं.

उजाडल्यासारखा एक डोंगर आला पडद्यावर,
बर्फाचा, सोलापूरच्या मे महिन्यात.
फोल्डर होते तिथंच होते.
फक्त सोलापूरमधला ल वेगळा दिसत होता,
आणि श्रीशैल ट्रेडर्सच्या बिलातला श,
हिंदीच्या पुस्तकातून उसना आणल्यासारखे दोघेही.

सकाळी मल्लेशमनं पुठ्ठे चढवले, हातभर नमुना विणला.
पिसारा नीट, चोच नीट.
मान बघितली आणि पोटात गोळा आला:
एक धागा डावीकडं.

कपाटातून दहा वर्षांपूर्वीची चादर काढली,
धुऊन धुऊन मऊ झालेली.
तिच्यावरही एक धागा डावीकडं.
त्याच्या आधीच्या नमुन्यावरही.
म्हणजे गावोगावच्या पलंगांवर
हा मोर असाच बघत आला, किंचित मागं,
कुणीतरी हाक मारल्यासारखा.

नऊला मालक आले. "काय बदललं गं, पद्मजा?"
"ल आणि श," मी म्हटलं.
"आणि?"
"आणि डोंगर."
ते पंखा लावायला वळले.

मी फाइल उघडली, त्यांच्या ओळीखाली लिहिलं:
# हात लावला. मान आहे तशीच आहे. प. बो.
आणि कीबोर्ड उलटा करून
टेबलावर दोनदा आपटला.