सतरा नंबरचं लेणं

गाईड बॅटरी फिरवतो :
ही यशोधरा, हा राहुल,
तो निळा बघा, दूरदेशीचा दगड वाटून केलेला.
सगळ्या माना वर.

लेणापूरची कौसाबाई मात्र
रंग गळून पडलाय तिथंच थांबलेली.
चष्मा पदराला पुसून
बघत राहते उघडी माती.
"तूस हाय यात. शेन बी.
एका हातानं वढलंय."

घरची भिंत तीच सारवते.
करंगळी वाकडी,
म्हणून प्रत्येक हाताखाली एक बारीक रेघ उरते.
तसली रेघ ती इथं शोधतेय.

चितारी यायच्या आदल्या सांजेला
कोपरापर्यंत माखलेले हात घेऊन
कोण उतरलं असेल वाघूरच्या पाण्यात?

बॅटरी विझते.
अंधारात कौसाबाई पुटपुटते,
"हात चांगला व्हता बाईचा."