झाडावर न चढलेलं पाणी

नमुना क्रमांक एकशे बेचाळीस.
बाटलीवर लाल कौलांचं घर, मागे बांध,
बांधापलीकडे एल्बे नदी, आणि खाली ठसठशीत:
‘आमच्याच बागेतला, थेट पिळलेला.’

वीब्के घोटभर रस यंत्राला पाजते.
यंत्राला चव नाही. ते फक्त तोलतं:
ऑक्सिजनचा जड अणू, हलका अणू,
हजारात किती, वर दशांश.

झाड पाण्याचं काय करतं ते तिला पाठ आहे.
मूळ उचलतं, खोड चढवतं,
पान ऊन बघून सोडून देतं.
हलकं असतं ते आधी उडतं,
जड असतं ते मागे राहतं, फळात उतरतं.
म्हणून सफरचंदातलं पाणी
त्याच बागेच्या विहिरीतल्या पाण्याहून
केसभर जड.
त्या केसावर तिचा पगार चालतो.

एकशे बेचाळीस हलकं निघालं.
पुन्हा तोललं. तिसऱ्यांदा तोललं.
हे पाणी कधी झाडावर चढलंच नव्हतं.
नळातून आलं, पिंपात पडलं,
त्यात कुणीतरी ढवळला
कुठल्या दूरच्या मुलखातला आटवलेला रस.

गंमत अशी, की पाणी मात्र इथलंच.
लेबलातलं तेवढं खरं.

मागे बारीक अक्षरांत नाव: हिन्नर्क श्टेशमान.
एप्रिलमधली ती रात्र तिलाही आठवते.
उणे पाच. बांधाकाठच्या सगळ्या बागांत फवारे चालू,
कळ्यांवर पाणी मारत राहायचं, त्याचा बर्फ होऊ द्यायचा.
त्या कवचात कळी तगते.
पाणी थांबलं की संपते.
पहाटे तीनला हिन्नर्कचा पंप बसला,
असं मावसबहीण सांगत होती, कॉफी ढवळत,
एखाद्याच्या गुडघेदुखीचं सांगावं तसं.

म्हणजे यंदा त्याच्या झाडांवर
पाणी चढलं ते बाहेरून,
आणि अर्ध्या रात्रीपुरतं.

अहवालात रकाने आहेत: ऑक्सिजन, साखर, आम्ल,
सॉर्बिटॉल, निष्कर्ष.
पंपाला रकाना नाही.
ती लिहिते, ‘वर्णनाशी जुळत नाही.’
सही करते. तारीख चुकते, खोडून पुन्हा घालते.

मग काचेचं भांडं नळाखाली धरते.
पाणी येतं,
हलकं,
काठाशी येतं, सांडतं.
नळ ती जरा उशिराच बंद करते.