सरकलेल्या ओळी

शनिवारी गंगापूर रोडच्या त्या सभागृहात
बेचाळीस खुर्च्या मांडल्या मी, एकतीस भरल्या.
बेंडाळे सर म्हणाले, तुर्कस्तानचा आहे,
संथ आहे, धीर धरा.
डिसेंबर होता. अर्धे लोक कानटोपी न काढताच बसले.

पडद्यावर एक नवरा, एक बायको, समुद्र.
समुद्र बराच वेळ.
मग ती सफरचंद सोलते, साल न तोडता,
आणि तिच्याकडे न बघता तो विचारतो,
गाडीत पेट्रोल आहे का.

दहाव्या मिनिटाला अहिरराव वकिलांचा फोन वाजला.
विसाव्याला सातपूरच्या वर्कशॉपातली चार पोरं उठली.
त्यांना वाटलं होतं मालिकेसारखं असेल,
देखणी माणसं, कारस्थानं, घोडे.
"यापेक्षा द्राक्षाला पाणी उतरताना बघू,"
एक जण दारात म्हणाला.
त्याचं अगदीच चुकलं नव्हतं.

मागच्या रांगेत कर्डिले बाई स्वेटर विणत होत्या,
नजर पडद्यावर, टाका हातात.
मधेच मोठ्यानं म्हणाल्या,
"अगं, जा ना निघून!"
कुणी हसलं नाही.
त्यांचे मिस्टर शेजारीच होते.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं,
खालच्या इंग्रजी ओळी सरकल्यात.
एका वाक्यानं.
तिच्या मिटलेल्या ओठांखाली त्याची माफी,
आणि तो चहा फुंकत असताना
त्याच्या हनुवटीखाली तिचं,
'मला आता थंडी वाजत नाही.'

लॅपटॉपवर एक बटण दाबलं की झालं असतं.
बोट ठेवलं होतं त्यावर.
पण सभागृह असं लागलं होतं,
विरजलेल्या दुधासारखं,
की भांडं हलवायची भीती वाटली.
खरं कारण हेच होतं का, माहीत नाही.

शेवटी बर्फ, बसस्टँड,
बस सुटते की नाही ते दाखवत नाहीत.
दिवे लागले. चहा, ग्लुकोजची बिस्किटं.

"मूल असतं तर टिकलं असतं."
"मूल होतं की! फोनवर कोण बोलत होतं मग?"
"ती त्याची बहीण."
"यांच्यात काका-मामा मध्ये पडत नाहीत वाटतं."
डॉक्टर मृण्मयी सोनवणे हात वर करून उठल्या:
शब्द एकाचे, चेहरा दुसऱ्याचा,
केवढं धाडस दिग्दर्शकाचं!
सरांनी मान डोलावली, वहीत टिपून घेतलं.
मी कप गोळा करायला लागलो.
कोपऱ्यातलं नवं जोडपं काहीच बोललं नाही,
एकच हेल्मेट दोघं शोधत होते.

खुर्च्या मिटायला दगू पगारे थांबले.
नोट प्रेसमधून रिटायर, छत्तीस वर्षं तपासणीला.
तेच चित्र, दिवसभर, डोळा न हटवता.
संथ सिनेमाचं त्यांना काय.

"छपाई सरकली होती," म्हणाले.
मी खुर्ची जिथल्या तिथे धरून उभा.
"पहिल्यापासून. नोट असती तर बाजूला काढली असती."
"मग बोलला का नाहीत?"
चार खुर्च्या मिटून झाल्या.
"आमची मंडळी जाताना म्हणाली, कडी आतून लावून घ्या.
मला वाटलं, भाजीला निघाली.
वाक्य कळलं तेव्हा नाशिकरोडचं क्वार्टर सोडून
सिडकोत राहायला आलो होतो मी. एकटाच.
चला, तुमची ती पेटी धरू का?"

नको म्हणालो. ते गेले.

मग ओळी जागेवर आणून
सफरचंदाचा प्रसंग पुन्हा लावला.
तो विचारतो, पेट्रोल आहे का.
ती म्हणते, आहे.
त्याचं त्याच्याखाली, तिचं तिच्याखाली.
दोन माणसं स्वयंपाकघरात, एवढंच दिसलं.

खालून वॉचमननं हाक मारली,
किती वेळ आहे अजून?
मी ऐकलं.
उत्तर द्यायला जरा वेळ लागला.