ओर्ते म्हणजे तिथलं पूर्णा

रात्री साडेदहाला नौशीनचा फोन.
रोमच्या विमानतळावर उतरली होती,
तिथं दिवस आत्ता कुठं बुडायला लागला होता.
"चच्चा, इधर दो गाड्या दिखरे. कौनसी पकडू?"

ख्वाजामियाँ शंटरची धाकटी ही.
मातीचं शिकायला पेरुजाला निघालेली.
मोहल्ल्यानं दुवा दिली, लोणचं दिलं, दोन स्वेटर दिले.
गाडीचं तेवढं मला विचारायचं, असं ठरलं आपोआप,
कारण एकतीस वर्षं मी पूर्णेच्या तिकीट खिडकीत बसलो.
पास असून मी कधी मनमाडच्या पुढं गेलो नाही,
ते कुणी विचारलं नाही.

वहीत सगळं काढून ठेवलं होतं,
भाच्याच्या मोबाईलवर बघून, लाल शाईनं रेघा मारून.
म्हटलं, बाई, एक गाडी नीट मोठ्या स्टेशनात नेते.
महाग आहे. ती जाऊ दे.
दुसरी पॅसेंजर. जागोजाग थांबते,
मोठ्या स्टेशनात शिरतच नाही,
गावाला वळसा घालून वर जाते, ओर्तेपर्यंत.
तिथं उतर.
ओर्ते म्हणजे तिथलं पूर्णा.
गाव एवढंसं, फलाट लांबच लांब.
माणसं तिथं येत नसतात, तिथं बदलतात.

"तिकीट निकाली."
पंच केलीस का?
"पंच?"
भिंतीला मशीन असेल बघ, हिरवं. तोंडात तिकीट घाल त्याच्या.
तारीख पडली नाही तर नुसता कागद आहे तो.
"चच्चा, गाडी छूटरी!"
सुटू दे.

पळाली असेल. चाकाची बॅग खडखडली,
कुणीतरी कुणाला तरी हाक मारली,
मग फोनमधून आवाज आला:
खट्ट.

माझा उजवा हात गादीवरून उठला.

लोखंडाचं होतं आमचं, तारखेचं मशीन.
पुठ्ठ्याचं तिकीट सारायचं. पूर्णा ते हिंगोली. पूर्णा ते अकोला.
मीटरगेज उखडलं त्या साली किलोवर गेलं ते.
मी एक मागितलं होतं.
साहेब म्हणाले, रेकॉर्डवर आहे.

गाडी गेली तिची.
पुढची मिळाली, पण ओर्तेची जोडगाडी चुकली
आणि लेकरू तासभर त्या फलाटावर.
पद्मीन उठून बसली अंथरुणात.
"तुमच्या पंचापायी परमुलखात अंधारात बसवली पोर."
मी काही बोललो नाही.
फोनमध्ये म्हटलं, काय दिसायलंय ते सांग.

बाकडं. बंद टपरी.
एक म्हातारा, त्याचं कुत्रं.
डोंगर असावा, कारण तेवढ्या जागेत चांदण्या नाहीत.
"मालगाडी आरी, चच्चा."
मोज, म्हटलं.
तिचे अब्बा ड्यूटी नसली तरी मोजायचे,
जेवताना घास हातात धरून मोजायचे,
रुळांपलीकडच्या क्वार्टरात, खिडकीकडं तोंड करून.
ती मोजायला लागली.
मला चाकं ऐकू येत होती, तिचे आकडे येत होते,
पद्मीनही ओठ हलवत होती.
एकतीस वाघिणी. मागं लाल दिवा.
"ब्रेकव्हॅन नै इधर," म्हणाली,
"गार्ड कां बैठता होंगा?"
मला ते ठाऊक नव्हतं.
मग तिची बॅटरी गेली.

मी वही मिटली नाही.
पावणेदोनला आमच्याकडं एक एक्स्प्रेस वाजत गेली,
कुत्री भुंकली, निवली.
साडेतीनला मेसेज आला:
पहुंच गई. रूम छोटी है. खिडकीसे कुछ नै दिखता.
खाली आणखी एक ओळ:
टिकट किसीने देखाच नै चच्चा, आखिर तक.

पद्मीननं विचारलं, काय म्हणते?
म्हटलं, पोचली.
टीसी आला होता म्हणे.
शिक्का बघितला आणि सलाम करून गेला.