आढळून येत नाही

रात्री साडेदहाला, भांडी झाली की
समिधा टीव्हीवर जपान लावते.
मुलगा बोटीवर, नॉर्वेच्या आसपास कुठंतरी.
घरात आम्ही दोघं, सून आणि सासरा,
आणि ते चौघे.

एक लिफ्ट दुरुस्त करणारा,
एक डबे पोचवणारा पोरगा,
एक दातांची डॉक्टरीण,
आणि एक निवृत्त टंकलेखिका,
चष्म्याला दोरी लावलेली, आमच्या पेडणेकरबाईंसारखी.
हे रात्री कचेऱ्यांत शिरतात, कागद उचलतात,
पहाटे स्टेशनच्या पुलावर ओळीनं चिकटवतात,
कडा जुळवून. एकही वाकडा नाही.
मारामारी जवळजवळ नाहीच.
आणि गंमत म्हणजे
मंत्र्याच्या घरात चोरून शिरतानासुद्धा
दाराशी बूट काढतात,
टोकं बाहेरच्या दिशेला करून ठेवतात.

खालची इंग्रजी अक्षरं समिधा मला कोकणीत सांगते.
मी ती मनात मराठीत उतरवून घेतो,
जावक क्रमांक टाकून.
एकतीस वर्षांची सवय.

कालच्या भागात एक म्हातारा कारकून होता.
त्याचा शिक्का लाल, बोटाएवढा,
झोपताना उशाशी.
माझा जांभळा होता, लाकडी मुठीचा.
शनिवारी त्याची अक्षरं मी टाचणीनं कोरून साफ करायचो.

चौघे त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले.
धमकी नाही, सुरा नाही.
टंकलेखिका एवढंच म्हणाली,
क्रमांक सांगा.

तिथंच थांबवून समिधा पाणी प्यायला उठली.
पडद्यावर कारकुनाचं तोंड अर्धवट उघडं.

दुर्भाटच्या त्या खाजनाचा क्रमांक मला पाठ आहे.
बायकोची तिथी विसरतो, तो विसरत नाही.
पोटहिश्शासकट.
बांध होता, मानस होती, भरतीला तिची फळी आपोआप मिटायची.
आता तिथं तीन मजले
आणि पोहायची निळी टाकी,
जिच्यात एक सुंगट नाही.

इनास तीनदा आला होता, त्या मानशीचा राखणदार.
पहिल्यांदा अर्ज घेऊन, दहा रुपयांचं तिकीट लावलेला.
दुसऱ्यांदा अपील घेऊन.
तिसऱ्यांदा सुंगटं घेऊन, केळीच्या पानात.

उत्तर मीच लिहिलं.
साहेब म्हणाले, अक्षर बघा, मोती.
‘सदर नस्ती या कार्यालयात आढळून येत नाही.’
यातला एक शब्द खोटा नव्हता.
नस्ती माझ्या घरी होती,
डब्याच्या फडक्यात गुंडाळून आणलेली.

पैसे घेतले नाहीत.
हे मी कुणालाही सांगू शकतो, कुणी विचारत नाही.
फक्त सांग्याला बदली व्हायची होती, ती झाली नाही.
आणि सुंगटं खाल्ली.
बायकोनं हुमण केलं होतं,
म्हणाली, किती ताजी, कुठली हो?

समिधा आली. लावू?
थांब, मी म्हटलं.
ती थांबली, बघत राहिली माझ्याकडे.
मग म्हटलं, लाव.

कारकुनानं क्रमांक सांगितला.
सात आकडी, हळू, तारखेसकट.
चौघे त्याच्यापुढे वाकले.
त्याच्यापुढे!
इतका वेळ वाकले की मला वाटलं चित्र अडकलं.

आमगेर असले मनीस मेळचे ना, बाबा,
दिवा मालवताना समिधा म्हणाली.
आढळून येत नाहीत, मी म्हटलं.
ती हसली. तिला वाटलं मी थट्टा केली.

दीड वाजला असेल.
पलंगाखालची ट्रंक ओढण्याआधी
मी चपला काढल्या, माझ्याच खोलीत,
टोकं दाराकडे करून ठेवल्या.
फडक्यावर अजून हळदीचा डाग आहे.
आत सगळं जागच्या जागी,
पान अठ्ठावीसवर माझा जांभळा गोल,
कोरून साफ केलेला, प्रत्येक अक्षर वाचता येईल असा.

पोदेर साडेपाचला भोंगा वाजवतो.
पहिली बस सहाची.
फोंड्याच्या स्टँडला तसला पूल नाही, पण भिंत लांब आहे.
खळ करायला मैदा लागेल,
आणि समिधा डबे कुठं ठेवते
मला ठाऊक नाही.