खोलीचा आवाज

रेकॉर्डिंग संपलं की मी सगळ्यांना सांगतो,
आता एक मिनिट कोणी बोलू नका.
त्या मिनिटात मी रिकामी खोली भरून घेतो.
खालच्या गिरणीची बारीक थरथर,
जिन्यात कोणाची तरी चप्पल,
सेक्टर पंधराचा पाण्याचा पंप.
कुठे काही कापलं तर तिथे हे मिनिट चिकटवायचं.
नुसती शांतता चालत नाही. कानाला खड्डा लागतो,
लोक विचारतात, फाइल खराब आहे का?

पदीबाय मढवी आल्या त्या गुरुवारी,
सोबत नातू, नातवाच्या हातात महोत्सवाचं पत्र.
ढवळे गातात. कोपरखैरण्यापासून दिवाळ्यापर्यंत
किती मांडव त्यांच्या गळ्यावर उभे राहिले
याची नोंद कुठे नाही. त्यांना लिहिता येत नाही.
नातवाने वाचून दाखवलं:
मंचावर प्रत्यक्ष गाऊ नये, मंजूर फाइल वाजेल.
नाहरकतीसाठी खालील शब्द वगळावेत.
ओळ चार, लांबाट.
ओळ पाच, कोंडखार.
ओळ सहा, देवाची पट्टी.
ओळ नऊ, मापवाला, संपूर्ण.

मी विचारलं, शिव्या आहेत का या?
नातू हसला नाही. म्हणाला, शेतं आहेत.
नवरी निघताना एकेका शेताला सांगून जाते, येते मी,
तशी चाल आहे.
लांबाटावर आता एकतीस मजले आहेत
आणि महोत्सवाच्या कमानीवर
त्याच एकतीस मजल्यांची जाहिरात.

माझा बाप जावळीहून आलेला माथाडी.
पाठीवर कांद्याची गोणी, खिशात खोलीचा नंबर.
आम्हाला या जमिनीचे आकडे मिळाले,
नावं कोणी दिली नाहीत.
तीस वर्षं जिथे उशी टाकतो
त्या मातीला काय म्हणायचे, हे मला
वगळायच्या यादीतून कळलं.

पदीबाय गायल्या. एका दमात, सगळं, मापवाल्यासकट.
मग पडद्यावरच्या कात्रीकडे बघत म्हणाल्या,
कापाचा त काप रं बाला,
पन शेत जवरा होता तवरी जागा सोर.
मी म्हटलं, आजी, हा शब्द पाऊण सेकंदाचा आहे.
त्या म्हणाल्या, लांबाट चालाला आख्खी सकाल लागाची.

मी कापले. हे लिहायलाच हवं.
कापले आणि तासाच्या दराने पैसे घेतले,
कापण्याचा तासही त्यात धरला.
मुलीची फी होती, महोत्सवाचं काम दरवर्षी येतं.
विरोध करणाऱ्या माणसांचे आवाज मी भरलेत,
लांबून ओळखतो. माझा तसा नाही.

पण खड्डे बुजवायला त्या दिवसाचं मिनिट काढलं
तर ते रिकामं नव्हतं.
बोलू नका म्हटलं होतं मी, श्वास घेऊ नका म्हटलं नव्हतं.
गिरणीच्या वर त्यांचा श्वास, जरा घरघरता,
बांगडीवर बांगडी,
आणि चोविसाव्या सेकंदाला ओठ मिटल्याचा,
की उघडल्याचा, आवाज.
संगणकात दुसरी मिनिटं भरपूर होती, स्वच्छ, बिनमाणसांची.
मी हेच लावलं.
पाऊण सेकंदाच्या जागी चार.
मापवाल्याच्या जागी अकरा.

फाइल मंजूर झाली. शेरा: आक्षेपार्ह काही नाही.

वाशीच्या मैदानात मी मिक्सरवर होतो,
पदीबाय मंचावर, बंद माइकसमोर, नऊवारीत.
चौथ्या ओळीला गाणं थांबलं
आणि माणसाएवढ्या स्पीकरांतून
एक बाई नुसती श्वास घेत राहिली.
पुढच्या रांगेतला साहेब वळून माझ्याकडे बघू लागला,
फाइल खराब आहे का?
मी मान हलवली, नाही.

मागे, प्लास्टिकच्या खुर्च्यांत, करावे की घणसोलीच्या
एका म्हातारीने पदर तोंडावर घेतला.
बोलली काही नाही. तिचे पाय मात्र
खुर्चीखाली, जागच्या जागी,
एकामागून एक पडत होते.