वेळेची कार्डं

माझ्याकडे काम एकच. कार्ड दाखवायचं.
हिरवं म्हणजे पाच मिनिटं उरली, पिवळं म्हणजे दोन,
लाल म्हणजे आता आवरा.
बोलायचं ते इतरांनी.

ग्रिम्सबीतल्या या हॉलमध्ये बाया मासेमारीची जाळी विणायच्या
असं मॉरीन टास्कर सांगते. तिची आई त्यांत होती.
भिंतीतले हुक अजून शाबूत,
त्यांना आम्ही कापडी फलक टांगला,
शाळेतल्या पोरांनी रंगवलेला,
शेवटचा शब्द जागा संपल्यामुळे चेंगरलेला.

गोल लाल गालिचा मागवला होता,
तो कार्यक्रमानंतरच्या मंगळवारी आला.
म्हणून मॉरीनच्या दिवाणखान्यातला तपकिरी,
कुत्र्याचे केस झटकून झटकून.
त्यावर उभं राहून प्रत्येकानं
बारा मिनिटांत पोरांचं आयुष्य बदलायचं होतं.

वक्ते चांगले होते, खोटं कशाला बोलू.
एक उपग्रह बनवणारी, बाप ट्रॉलरवर होता तिचा.
एक दोनदा बुडालेला आणि तिसऱ्यांदा तरलेला.
एक नाटकवाली, जिचं हसू मागच्या रांगेपर्यंत पोचायचं.
तिघांच्याही गोष्टीत एक गाडी होती,
एक पहाट, एक बॅग,
आणि मागे वळून न पाहणं.

पोरांनी टाळ्या वाजवल्या.
मीही, हातात कार्डं म्हणून मांडीवर.
मिरजेच्या शाळेत असंच एक बक्षीस वाटप झालं होतं.
पाहुणे म्हणाले, मुलींनो, बाहेर पडा,
आणि मला स्टीलचा डबा दिला.
मी पडले बाहेर. इतकी, की तेवीस वर्षं
या समुद्राकाठच्या औषधाच्या दुकानात
अनोळखी गुडघ्यांसाठी गोळ्या मोजतेय.
डबा अजून आहे. झाकण बसत नाही.

मग प्रश्नोत्तरं. माइकनं शिट्टी मारली.
दाराशी रीस होल्टबी उभा, वय सोळा,
खुर्च्या मांडायला आलेला, यादीत नाव नसलेला.
हात वर न करताच म्हणाला,
तुम्ही गेलात ते बरंच केलंत.
मला जायचं नाहीये.
राहणाऱ्यानं काय करायचं, ते कोण सांगणार आज?

उपग्रहवालीनं पाणी प्यायलं.
नाटकवालीचं हसू दुसऱ्या रांगेतच अडकलं.
प्रश्नाला अर्धं मिनिट, असा नियम.
लाल कार्ड माझ्या हातात वरच होतं.
मी ते मांडीखाली सारलं.

लिथुआनियाहून आलेली उग्ने, पुढच्या रांगेतून,
जरा चिडूनच म्हणाली, मग तूच सांग ना.

तो गालिच्यावर गेला नाही. दाराशीच,
बोटांच्या काळ्या कडा पँटला पुसत बोलला.
बोटीचं इंजिन बिघडलं की आधी उघडायचं नाही.
लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा,
टोक लोखंडावर, मूठ कानाच्या हाडाला.
प्रत्येक बेअरिंगचा आवाज वेगळा.
जे दुखतंय ते खरखरतं.
घाई केली तर सगळीच खरखरल्यासारखी वाटतात.

किती वेळ बोलला, ठाऊक नाही.
घड्याळ माझ्याकडेच होतं, मी पाहिलं नाही.
पोरं मात्र खुर्च्या उलट्या फिरवून बसली होती,
दाराकडे तोंड करून,
मंचाकडे पाठ.

नऊ चौदाच्या गाडीसाठी वक्ते धावले.
कपबशा मी विसळल्या. पोरांनी खुर्च्या रचल्या,
दहा-दहाच्या चळती, एक तिरकी.
मॉरीननं मार्चच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं : रीस,
आणि पुढे प्रश्नचिन्ह,
कारण तो म्हणाला, मी येईन, पण खुर्च्या मांडायला.

रात्री घरी, कोट न काढताच,
नळाखालच्या कपाटातला स्क्रूड्रायव्हर शोधला.
टोक फ्रिजच्या पाठीला, मूठ कानामागे.
बराच वेळ माझाच श्वास.
मग ऐकू आलं.
आत काहीतरी फिरत होतं,
न थांबता,
जागच्या जागी.